फुलांचा आणि लाकडाचा सुगंध: नागपूरच्या हवेत दोन परफ्यूमची तुलना कशी करावी

गुलाब, मोगरा, जाई अशा फुलांच्या सुगंधाला चंदन, देवदार किंवा वाळ्याच्या खोल गंधाची बैठक दिली की जो परफ्यूम तयार होतो, त्याला या व्यवसायात ‘फ्लोरल वुडी’ म्हणतात. असे दोन परफ्यूम समोर ठेवले की बहुतेक ग्राहक दुकानातच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत आपली पसंती ठरवतात. ती पसंती खरे तर फक्त फुलाला दिलेली असते, कारण लाकडाचा गंध तोवर पुरता वर आलेलाच नसतो. नागपुरात या घाईचा तोटा अधिक होतो. येथील उन्हाळ्यात फूल भराभर उडून जाते आणि सकाळी दहा वाजता लावलेल्या सुगंधातले दुपारपासून संध्याकाळपर्यंत जे अंगावर उरते, ते प्रामुख्याने लाकूडच असते. त्यामुळे दोन फुली-लाकडी सुगंधांची तुलना पहिल्या पाच मिनिटांची नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या तासाची करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्या दृष्टीनेच मांडल्या आहेत.

विवेचन सोपे जावे म्हणून दोन नमुने समोर ठेवू. पहिला गुलाब-चंदन आणि दुसरा मोगरा-देवदार. हे दोन्ही या कुटुंबातलेच, पण स्वभावाने बरेच वेगळे आहेत. आपल्याकडे हे कुटुंब नवे नाही. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी तापवून निघणारी वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवली जाते. म्हणजे जुन्या रीतीने काढलेले गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे प्रत्येक अत्तर मुळातच फूल आणि लाकूड यांचा संयोग असते. पाश्चात्त्य परफ्यूममध्ये जाई आणि चंदन यांची जोडी गाजवली ती गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या १९८९ मधील ‘संसारा’ने, तर देवदारवर्गीय लाकूड मध्यभागी ठेवून त्याभोवती फुले आणि फळे गुंफण्याचा प्रयोग शिसेइडो या जपानी कंपनीच्या १९९२ मधील ‘फेमिनिते द्यू ब्वा’ने रूढ केला. बाजारात आज मिळणाऱ्या अनेक बाटल्या या दोनपैकी एका वाटेने गेलेल्या दिसतात, आणि आपल्यासमोरची बाटली कोणत्या वाटेची आहे हे ओळखता आले की तुलनेचे निम्मे काम होते.

पहिली पायरी: बाटल्या तुलनेयोग्य आहेत का, ते पाहावे

एक इओ द तॉयलेत आणि दुसरा इओ द पार्फम असेल, तर त्यांच्या टिकण्याची तुलना निरर्थक ठरते. पहिल्या प्रकारात सुगंधी द्रव्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आणि दुसऱ्यात साधारण १५ ते २० टक्के असते. हे आकडे रूढीचे आहेत, कोणत्याही कायद्याने बांधलेले नाहीत, तरीही अंदाजासाठी पुरेसे आहेत. शक्य असेल तर एकाच प्रकारचे दोन नमुने घ्यावेत. अत्तर आणि स्प्रे यांची तुलना करायचीच असेल, तर हे लक्षात ठेवावे की अत्तरात अल्कोहोल नसल्याने ते सुरुवातीला गप्प असते आणि त्वचेच्या उबेने हळूहळू उमलते. स्प्रेमधले अल्कोहोल मात्र उडताना सुगंधाचा पहिला झोत आपल्याबरोबर वर घेऊन येते, म्हणून स्प्रे पहिल्या मिनिटाला नेहमीच वरचढ वाटतो.

दुकानातल्या टेस्टरवर फार विसंबू नये. काचेच्या कपाटात दिव्याखाली महिनोन्महिने उघडझाप होत असलेल्या टेस्टरमधला फुलांचा भाग कोमेजलेला असू शकतो. त्याऐवजी दोन-दोन मिलिलिटरच्या छोट्या कुप्या मिळवाव्यात, आणि त्यांच्यावर नाव व तारीख लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: नाकाला मूळ गंधांची ओळख करून द्यावी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते मात्र सर्वाधिक फायदा हिचाच होतो, आणि आपल्या घरांत तिची सामग्री आयती असते.

चंदनासाठी देवघरातली सहाण काढावी आणि चंदनाचे खोड थोड्या पाण्यात मिनिटभर सावकाश उगाळावे. उगाळताना येणारा गंध हलका, दुधाळ, किंचित तुपकट आणि अजिबात न टोचणारा असतो. उगाळलेले गंध मनगटावर लावून वाळू दिले की तोच गंध अधिक मऊ होतो. बाजारात साध्या पांढऱ्या लाकडाला वरून सुगंध चोपडलेली खोडेही विकली जातात. अशा खोडाचा वास वरचा थर झिजताच नाहीसा होतो. अस्सल खोड मात्र जितके उगाळावे तितका नवा गंध देत राहते. देवदारासाठी इतवारी किंवा महाल भागातील काष्ठौषधींच्या दुकानात देवदाराचा लहान तुकडा मागावा आणि घरी सुरीने त्याचा पातळ छिलका काढून हुंगावा. तो गंध कोरडा, सरळ, थोडासा राळेसारखा असतो. परफ्यूममध्ये ज्याला देवदार म्हणतात ते तेल बहुधा अ‍ॅटलस पर्वतातील देवदाराचे किंवा व्हर्जिनियातील एका सुगंधी जुनिपर वृक्षाचे असते. आपल्या हिमालयीन देवदाराचा गंध त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाही, पण घराणे ओळखण्यापुरता उपयोगी पडतो.

मोगऱ्यासाठी उन्हाळ्यात सीताबर्डीच्या फूलबाजारातून कळ्यांचा गजरा आणावा आणि संध्याकाळी कळ्या उमलल्यावर, मग रात्री उशिरा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी असा तीनदा हुंगावा. संध्याकाळचा मोगरा हिरवट आणि गोड असतो; सकाळी कोमेजू लागलेल्या त्याच गजऱ्यात एक जड, प्राणिज छटा येते. मोगरा आणि जाई या वर्गातील फुलांत इंडोल नावाचे संयुग असते आणि ही छटा मुख्यतः त्याचीच. परफ्यूममधला मोगरा कोणत्या घटकेचा आहे, उमलतानाचा की कोमेजतानाचा, हे ओळखू येणे ही फार मोलाची कसोटी आहे. गुलाबासाठी शोभेचा लांब दांड्याचा गुलाब निरुपयोगी आहे; गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाबी गुलाब शोधावा. त्याच्या पाकळ्या बोटांनी चुरडल्यावर गुलाबपाण्याची पातळ, पाणीदार गोडी आणि तिच्या मागून येणारी मधासारखी, फळाकडे झुकणारी छटा वेगवेगळी जाणवते.

तिसरी पायरी: वेळ, ऋतू आणि खोली निवडावी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. एकाच बाटलीचे या दोन ऋतूंतले वागणे इतके भिन्न असते की जो सुगंध ज्या ऋतूत वापरायचा, त्याची परीक्षा त्याच ऋतूत घ्यावी. कडक, कोरड्या उन्हाळ्यात सुरुवातीचे गंध काही मिनिटांतच संपतात आणि कोरडी त्वचा सुगंध कमी धरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत तोच सुगंध अधिक भरीव वाटतो. थंडीत फूल सावकाश उलगडते आणि लाकूड बराच वेळ दबा धरून बसते.

उन्हाळ्यात परीक्षा सकाळी सात-आठच्या सुमारास सुरू करावी, म्हणजे पुढचे तास दिवसाच्या तापत्या हवेत आपोआप तपासले जातात. खोलीत कूलर चालू असेल तर तो सुरुवातीच्या तासापुरता बंद ठेवणे आवश्यक आहे. कूलरच्या ओल्या ताट्या वाळ्याच्या असोत वा लाकडाच्या कीसाच्या, त्यांचा गंध याच लाकडी कुटुंबातला आहे. तो नाकात असताना दोन लाकडी गंधांची तुलना करू पाहणे व्यर्थ होय. त्याचप्रमाणे सावजीच्या मसाल्याची फोडणी, उदबत्ती, कापूर, डास पळवणारी अगरबत्ती आणि हंगामात घरोघरी सोलली जाणारी संत्री यांपासूनही दूर राहावे. संत्र्याच्या सालीतले तेल बोटांवर बराच काळ राहते आणि अनेक परफ्यूमच्या पहिल्या झोतात लिंबूवर्गीय गंध असल्यामुळे ते नेमकी तिथेच दिशाभूल करते.

चौथी पायरी: आधी कागद, मग अंग

जाड, बिनचकाकीच्या चित्रकलेच्या कागदाच्या सेंटिमीटरभर रुंद आणि १२ ते १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापाव्यात. त्यांवर खूण शिसपेन्सिलने करावी, कारण बॉलपेनच्या शाईला स्वतःचा वास असतो. पट्टीच्या टोकाला एकच फवारा मारावा, अत्तर असेल तर काडीचा एकच स्पर्श करावा, आणि अल्कोहोल उडून जाईपर्यंत किमान अर्धा मिनिट थांबावे. मग पट्टी नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून लहान, आखूड श्वास घ्यावेत. लांब, खोल श्वासाने नाक लवकर थकते. दोन सुगंधांमध्ये मोकळ्या हवेत मिनिटभर उभे राहावे किंवा स्वतःच्या धुतलेल्या, बिनसुगंधी सुती बाहीचा वास घ्यावा. कॉफीच्या बिया हुंगण्याची दुकानातली पद्धत या साध्या उपायापेक्षा सरस नाही.

नावे लपवून परीक्षा घेणे या टप्प्यावर अत्यंत उपयोगी पडते. घरातल्या कोणाला तरी तीन पट्ट्या तयार करायला सांगाव्यात, ज्यांपैकी दोन एकाच परफ्यूमच्या आणि एक दुसऱ्याची असेल, आणि वेगळी कोणती ते आपण ओळखावे. अन्नपदार्थ आणि पेये यांच्या चाचणीत ही त्रिकोणी पद्धत रूढ आहे. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून परीक्षा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घ्यावी. तीन तासांनंतरच्या पट्ट्यांवर ही चाचणी केल्यावर वेगळी पट्टी सतत चुकत असेल, तर त्या दोन परफ्यूमचे लाकूड आपल्या नाकाला सारखेच आहे असे समजावे आणि स्वस्त बाटली निःशंकपणे घ्यावी.

पाचवी पायरी: तासांची नोंद ठेवावी

एका कागदावर दोन रकाने आखून पहिला मिनिट, पाव तास, एक तास, तीन तास, सहा तास आणि दुसरी सकाळ अशा वेळांना प्रत्येकी एक-दोन वाक्ये लिहावीत. ‘छान’, ‘भारी’, ‘महाग वाटते’ असे शब्द टाळून गोड, कोरडे, हिरवट, दुधाळ, तिखट, साबणासारखे, धुरकट अशी वर्णने लिहावीत, कारण सहा तासांनंतर तुलनेला हीच वर्णने कामी येतात.

आपल्या दोन नमुन्यांच्या नोंदी सर्वसाधारणपणे कशा दिसतील ते पाहू. पहिल्या मिनिटाला मोगरा-देवदार मोठा वाटतो. मोगऱ्यातले बेंझिल अ‍ॅसिटेटसारखे हलके घटक झपाट्याने वर येतात आणि खोली भरल्याचा भास होतो; गुलाब-चंदन त्या मानाने संकोची वाटते. पाव तासाने मोगऱ्याखालून देवदार डोके वर काढतो. त्याचा कोरडेपणा फुलाची गोडी छाटतो आणि सुगंध नेटका, ताठ होतो. याच वेळी गुलाब-चंदनातला गुलाब भर उन्हाळ्यात अर्धा ओसरलेला असतो आणि चंदन मात्र अजून बोलत नाही, त्यामुळे हा परफ्यूम फुकाचा आहे असे वाटण्याचा नेमका क्षण हाच. दुकानातून बाहेर पडण्याची वेळही साधारणतः हीच असल्यामुळे गुलाब-चंदनावर वारंवार अन्याय होतो.

याचे कारण चंदनाच्या रासायनिक घडणीत आहे. चंदनतेलाचा गंध मुख्यतः अल्फा आणि बीटा सँटॅलॉल या दोन घटकांचा असतो. हे घटक जड आहेत आणि त्यांचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या आसपास आहे, तर मोगऱ्यातील बेंझिल अ‍ॅसिटेट आणि गुलाबातील फेनिल इथाइल अल्कोहोल हे घटक साधारण २१० ते २२० अंशांच्या दरम्यान उकळतात. उकळण्याचे आकडे त्वचेवर जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण कोण आधी जाणार आणि कोण मागे राहणार याचा क्रम त्यांवरून कळतो. चंदन सावकाश उडते, आणि उडताना आपल्याबरोबरच्या हलक्या घटकांनाही काही काळ धरून ठेवते. कनौजच्या कारागिरांनी फुलांसाठी चंदनतेल निवडले त्यामागे हा गुण होता.

म्हणूनच तिसऱ्या तासाला चित्र पालटलेले दिसते. मोगरा-देवदारातले फूल बहुतेक गेलेले असते आणि स्वच्छ, सरळ, काहीसे एकसुरी लाकूड उरते. गुलाब-चंदनात मात्र गुलाबाच्या मधासारख्या छटेचा धागा चंदनाच्या दुधाळपणात अजून सापडतो. सहाव्या तासाला दोन्ही पट्ट्या अगदी नाकाशी न्याव्या लागतात. दुसऱ्या सकाळी पट्टीवर जे असते त्यावरून पायाभूत द्रव्यांची प्रत कळते. तिथे निव्वळ गोडसर, कपडे धुण्याच्या पावडरीसारखा वास उरला असेल, तर लाकडाचे नाव फक्त डब्यावर आहे आणि आत स्वस्त कृत्रिम कस्तुरीगंधाचा भर आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

कृत्रिम द्रव्य म्हणजे हलक्या प्रतीचे द्रव्य, असे मात्र समजू नये. म्हैसूर भागातील नैसर्गिक चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्यामुळे बहुतेक परफ्यूममध्ये चंदनाचा गंध प्रयोगशाळेत घडवलेल्या रेणूंनी उभा केला जातो, आणि त्यांतले काही अतिशय सुंदर आहेत. त्याउलट ‘शुद्ध चंदनाच्या तेलातले’ म्हणून अगदी कमी किमतीत विकले जाणारे अत्तर बहुधा पॅराफिन तेलात किंवा एखाद्या गंधहीन द्रावकात मिसळलेले असते. अशा अत्तराची तिसऱ्या तासाची नोंद कोरीच राहते.

सहावी पायरी: त्वचेवर

कागदाच्या परीक्षेत दोन्ही नमुने टिकले तरच त्वचेकडे वळावे. मनगटापेक्षा कोपराच्या खालचा आतला भाग बरा. मनगट हात धुताना भिजते आणि घड्याळाच्या पट्ट्याचा वास त्यात मिसळतो. आंघोळीनंतर सुगंधी लोशन किंवा खोबरेल तेल न लावता एका हातावर एक नमुना आणि दुसऱ्या हातावर दुसरा, सारख्याच अंतरावरून एकेक फवारा घ्यावा. चोळू नये, आपोआप वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी हात अदलाबदल करावेत, कारण गाडी चालवताना एका हातावर ऊन जास्त पडते आणि निष्कर्ष त्या बाजूला झुकतो. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी आदल्या दिवशी एक थेंब लावून २४ तास वाट पाहावी. लिंबूवर्गीय तेले असलेले परफ्यूम उघड्या त्वचेवर लावून नागपूरच्या उन्हात जाणे टाळावे. त्यांतील काहींमुळे उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात.

घामाचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. भर दुपारी घामेजलेल्या त्वचेवर मोगऱ्यातील जड, इंडोलची छटा ठळक होते आणि बंद गाडीत किंवा लिफ्टमध्ये ती डोके दुखवू शकते. गुलाब घामात पातळ होतो, पण बिघडत नाही.

सातवी पायरी: दुपट्ट्यावर

उन्हाळ्यात आपल्याकडे दुचाकीवरून निघताना तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय भागत नाही, आणि परफ्यूमचे कोणतेही परदेशी मार्गदर्शन ही गोष्ट लक्षात घेत नाही. गळ्यावर मारलेला फवारा दुपट्ट्यात उतरतो आणि तासभर थेट नाकासमोर राहतो. सुती कापडावर फूल त्वचेपेक्षा जास्त वेळ टिकते, कारण तिथे शरीराची ऊब कमी असते. त्यामुळे त्वचेवर संयत वाटणारा मोगरा दुपट्ट्यात असह्य होऊ शकतो, आणि त्वचेवर लाजरे वाटणारे गुलाब-चंदन तिथे सुरेख उघडते. दोन्ही नमुने जुन्या, धुतलेल्या सुती कापडाच्या दोन तुकड्यांवर वेगळे तपासावेत. अत्तराचे तेलकट डाग पडतात, म्हणून रेशमी साडीवर किंवा पांढऱ्या कुर्त्यावर ते थेट लावू नये. फाया करून कानाच्या पाळीमागे ठेवण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे.

दुसऱ्यांच्या नाकाची मदत

काही जड लाकडी आणि कस्तुरीगंध काही लोकांना मुळीच जाणवत नाहीत. बाकी सर्व वास नीट येत असतानाही हे घडते आणि तो आजार नव्हे. शिवाय सतत जवळ असलेल्या गंधाची नाकाला सवय होते. म्हणून तिसऱ्या तासाला परफ्यूम ‘गेला’ असे वाटले, तर घरच्या किंवा कार्यालयातल्या दोघा-तिघांना विचारावे. ‘कोणता आवडला’ या प्रश्नाने फारसे काही कळत नाही. ‘किती अंतरावरून जाणवला, आणि काय आठवले’ असे विचारले की सुगंध किती पसरतो आणि इतरांपर्यंत फूल पोहोचते की लाकूड, या दोन्हींचे उत्तर मिळते.

निवड आणि खरेदी

रकान्यांतल्या नोंदींना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही. पहिल्या मिनिटाचा एक गुण आणि चौथ्या तासाचा एक गुण यांचे मोल सारखे नसते, कारण पहिला मिनिट एकदाच येतो आणि पुढचे तास दिवसभर सोबत असतात. आपण सुगंध कुठे आणि किती वेळ वापरणार ते आधी लिहावे, आणि त्या वेळेच्या नोंदीला निर्णय द्यावा.

आमच्या दोन नमुन्यांपैकी एप्रिल ते जूनमध्ये कार्यालयासाठी मी गुलाब-चंदनच सुचवेन: ते अंगालगत राहते, घामात बिघडत नाही आणि संध्याकाळपर्यंत सभ्यपणे सोबत करते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या लॉनवरच्या लग्नसमारंभासाठी मोगरा-देवदार सरस ठरतो. थंड, मोकळ्या हवेत मोगऱ्याचा जोर सुसह्य होतो, देवदार त्याला आकार देतो, आणि चार पावलांवरच्या माणसालाही तो जाणवतो. त्या हवेत चंदन इतके सावकाश जागे होते की जेवणाच्या पंगती उठेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली खरेदी लहान बाटलीची करावी. अत्तराच्या दुकानात तीन, सहा आणि बारा मिलिलिटरच्या कुप्या मिळतात, आणि बारा मिलिलिटरला दुकानदार सर्रास तोळा म्हणतात. तीनची कुपी पुरेशी आहे. स्प्रेची किंमत तोलताना प्रति मिलिलिटर दर काढावा आणि दिवसातून किती फवारे लागतात तेही धरावे, कारण तीन फवारे लागणारी स्वस्त बाटली एका फवाऱ्यात भागणाऱ्या महागड्या बाटलीपेक्षा अखेरीस महाग पडू शकते.

बाटली घरी आणल्यावर ती न्हाणीघरात, खिडकीत किंवा फ्रीजच्या वर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात उभ्या गाडीत तर क्षणभरही ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या लोखंडी नव्हे, लाकडी कपाटात, खालच्या कप्प्यात, मूळ खोक्यासकट उभी ठेवावी. पहिल्या दिवशीच्या कागदी पट्ट्या आणि नोंदी स्वतंत्र पाकिटात जपाव्यात, म्हणजे पुढल्या उन्हाळ्यात बाटलीतले फूल उतरले आहे का, हे नोंदीशी ताडून पाहता येते.